गावाला वळसा

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत रस्ते बांधतो. म्हणजे डोक्यावर घमेले घेऊन नव्हे. शिकागोजवळच्या एका कचेरीत बसून तो रस्त्यांचे नकाशे काढतो. आमच्या वडिलांचे हॉटेल एका नव्या रस्त्याने बुडवले आणि त्याच घरातल्या मुलाने नवे रस्ते आखण्याची विद्या पत्करली, याला मी अनेक वर्षे दैवाची थट्टा म्हणत आलो. तो मात्र त्याला नोकरी म्हणतो.

हॉटेल म्हणजे काय, तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी, पत्र्याखाली मांडलेली सहा बाकडी. ट्रकवाले इंजिन निववायला थांबत आणि तेवढ्यात नानांच्या कढईतून भज्यांचा घाणा बाहेर पडे. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि गाड्या आम्हाला वळसा घालून जाऊ लागल्या. दोन वर्षांत हॉटेल बंद पडले. ती जागा अजून तशीच आहे. भाऊ म्हणतो, विकून टाकू. मी म्हणतो, नाही. का नाही, हे मात्र मला कधी धड सांगता आलेले नाही. ‘भावना’ हा शब्द मी वर्गात हवा तितका वापरतो. भावापुढे तो टिकत नाही.

बहुधा माझी समजूत काढण्यासाठीच असेल, पण काही वर्षांपूर्वी त्याने मला तिकडच्या एका जुन्या रस्त्याच्या बातम्या धाडायला सुरुवात केली. ‘रूट ६६’ हे त्या रस्त्याचे नाव. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याला हा आकडा मिळाला. शिकागोपासून आठ राज्ये ओलांडून तो थेट पॅसिफिकच्या काठी, सांता मोनिकाला जातो. लांबी सुमारे २,४४८ मैल. १९३०च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेली शेतकरी कुटुंबे मोडक्या मोटारींवर गाद्या आणि भांडी बांधून याच वाटेने कॅलिफोर्नियाकडे गेली. स्टाइनबेकने १९३९च्या आपल्या कादंबरीत या रस्त्याला आईची उपमा दिली. पुढे शेजारून रुंद महामार्ग आले आणि जून १९८५मध्ये हा आकडाच रद्द करण्यात आला. आई दप्तरातून खारीज झाली!

बातम्या मात्र थांबल्या नाहीत. विल्मिंग्टन गावातला हिरव्या पोशाखाचा, हातात अग्निबाण धरलेला अवाढव्य अंतराळवीर २०२४ साली लिलावात निघाला. १९६०च्या दशकात एका खाणावळीपुढे गिऱ्हाईक ओढण्यासाठी उभे केलेले ते बुजगावणे. पण ते गावाबाहेर जाऊ नये म्हणून जोलिएटच्या संग्रहालयाने २,७५,००० डॉलर मोजले आणि त्याच वर्षी ते गावच्या बागेत पुन्हा उभे राहिले. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अँबॉय म्हणून एक जवळजवळ निर्मनुष्य ठिकाण आहे. तिथल्या ‘रॉय्ज’ उपाहारगृहाची विजेची पाटी कित्येक वर्षे अंधारात होती. ती २०१९च्या नोव्हेंबरात पुन्हा उजळली. हे वाचून मी भावाला लिहिले, ‘बघ, लोक जुन्याला कसे जपतात!’ त्याचे उत्तर आले, ‘लिहीत काय बसतोस? ये आणि बघ.’

२०२५च्या उन्हाळी सुट्टीत मी गेलो. तो गाडी हाकत होता, मी नकाशा चुकीचा वाचत होतो.

ओक्लाहोमात मायामी गावाजवळ मूळ रस्त्याचा एक तुकडा शिल्लक आहे, जेमतेम नऊ फूट रुंद. समोरून दुसरी मोटार आली तर दोघांनीही एकेक चाक मातीत उतरवायचे. मला तो फारच आवडला. भाऊ म्हणाला, “दादा, यावर रुग्णवाहिका कशी नेशील?” मी उत्तर दिले नाही.

पुढे ल्यूथर गावाशी दगडी पेट्रोल पंपाची एक लहानशी इमारत लागली. थ्रेट नावाच्या काळ्या शेतकरी कुटुंबाने ती स्वतःच्या जमिनीतला दगड काढून, सुमारे १९१५ साली बांधली. त्या काळी या वाटेवरच्या अनेक गावांत काळ्या प्रवाशाला रात्री थारा नसे. मोटारीत पेट्रोल घालायलासुद्धा आपला माणूस शोधावा लागे, तो इथे भेटे. २०२१ साली देशातल्या धोक्यात असलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत ही इमारत आली. तिथे उभा असताना माझे जुन्या रस्त्यावरचे प्रेम थोडे ओशाळले. नऊ फुटांचा रस्ता सगळ्यांना सारखाच अरुंद नव्हता.

टेक्ससच्या सीमेवर ग्लेनरिओ लागले. महामार्गाने १९७०च्या दशकात याला बाजूला टाकले. मोटेलचे छप्पर खचलेले, दारातून गवत वर आलेले. मला आमची सहा बाकडी आठवली. मी गाडीतून उतरलोच नाही.

ॲरिझोनातल्या सेलिगमनवर २२ सप्टेंबर १९७८ रोजी हीच वेळ आली. सकाळपर्यंत गावातून वाहणारी वर्दळ त्या दिवशी नव्या महामार्गाने निघून गेली. एंजेल डेल्गाडिओ हे तिथले न्हावी. त्यांच्या भावाने, हुआन यांनी, १९५३ साली ‘स्नो कॅप’ ही खाणावळ काढली होती. तिच्या दाराला दोन मुठी आणि त्यांतली एक खोटी, असा त्यांचा विनोद. गिऱ्हाईक गेल्यावर एंजेल यांनीही वाट पाहिली, कपाळाला हात लावला. पण १९८७ साली त्यांनी आसपासच्या लोकांना जमवले, संघ स्थापला आणि राज्य सरकारच्या मागे लागले. त्याच वर्षी सेलिगमन ते किंगमन हा टापू ‘ऐतिहासिक’ ठरला. पुढे इतर राज्यांनीही हाच कित्ता गिरवला. मी गेलो तेव्हा त्या गल्लीत जगातल्या निरनिराळ्या भाषा कानांवर पडत होत्या.

मी दाराची खोटी मूठ ओढली. भाऊ पोट धरून हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, “त्यांनी नऊ वर्षांत लोक जमवले. आपण तेवीस वर्षांत काय केलं?”

हा प्रश्न त्याने ‘तू काय केलंस’ असा विचारला असता तर मी भांडलो असतो. त्याने ‘आपण’ म्हटले, म्हणून गप्प राहिलो. खरे म्हणजे मी ती जागा जपली नव्हती; नुसती पडू दिली होती आणि तिला भावना असे नाव दिले होते.

घरी परतल्यावर नानांना सगळे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून न्हाव्याचे दुकान बराच वेळ न्याहाळले.

“गिऱ्हाईक येतं का तिथं?”

“येतं की. रीघ असते.”

“मग झालं,” नाना म्हणाले. “आपल्या जागेवर काय ते करा दोघं मिळून. विका, नाही तर कढई तरी चढवा. नुसती पाटी ठेवून वास येत नाही भज्यांचा.”

त्या रात्री मी भावाला फोन लावला. विक्रीचे अजून ठरलेले नाही. पण पुढच्या सुट्टीत तो येणार आहे, आणि आधी पत्रा कोणी काढायचा यावरून आमचे पहिले भांडण झाले आहे.