हलगीचा हात

अकराव्या वर्षी मी कोल्हापुरात तबल्याच्या वर्गाला जाऊ लागलो. आमचे आबा लग्नाला, जत्रेला हलगी वाजवायचे. जाळ करून हलगी तापवायची, बोटानं टिचकी मारून चढली का बघायची, हे मला तबला हातात यायच्या आधीपासून येत होतं.

दुसऱ्या महिन्यात 'तिरकिट' घोटताना सरांनी थांबवलं. "हा हलगीचा हात. इथं चालायचा नाही." मुलं हसली. चूक खरी होती. हलगीत काम मनगटाचं आणि काडीचं. तबल्याला बोटं सुटी लागतात. माझं मनगट पुढं धावायचं. पण शेजारच्या मुलाची बोटं चिकटायची तेव्हा सर म्हणायचे, "हात अजून कच्चा आहे." त्याची चूक हाताची होती, माझी घराची.

मी आबांबरोबर जत्रेला जायचं बंद केलं. त्यांनी कारण विचारलं नाही. ते मला अजून लागतं.

पुढं विशारद झालो. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वाद्या चामड्याच्या. कातडं कमावणाऱ्याशिवाय तबला उभा राहत नाही. तरी संगीत सभेच्या पत्रिकांवर मी वीस वर्षं नावं वाचतोय, आणि आमच्या वस्तीतलं आडनाव एकदाच दिसलं, मंडपवाल्याचे आभार मानलेल्या ओळीत.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. त्यांच्याच दरबारी अल्लादियाखाँसाहेब गात होते. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत घरांतल्या. सभ्य घरांनी ज्यांना दूर बसवलं, त्यांनीच हे गाणं उभं केलं. म्हणून 'आमची परंपरा' असं कुणी ठसक्यात म्हणालं की मला राग येतो. परंपरा कुणाची, हे आधी नीट बघा.

आता मी स्वतः वर्ग घेतो. आबा हे बघायला राहिले नाहीत. गेल्या वर्षी हलगीवाल्या घरातला एक मुलगा आला. त्याचं मनगट माझ्यासारखंच धावायचं. बोटं सुटायला चार महिने लागले. हलगी सोड, असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. दर शुक्रवारी तो ती वर्गात घेऊन येतो, आणि बाकीची मुलं त्याच्याकडून शिकतात.