मानेवरचा मळ

आमच्या चिरंजीवांस आम्ही घरात लाडाने 'शेटजी' म्हणत असू. वय वर्षे अकरा, गाल वर आलेले, पोटाचे सदऱ्याच्या गुंड्यांशी नित्य भांडण. अंजनगावच्या बाजारातून त्याला घेऊन निघालो की कोणी ओळखीचा दुकानातूनच हाक मारी, "खात्यापित्या घरचं लेकरू दिसते, सर!" आणि इंग्रजी वाङ्मय शिकविता शिकविता केस पांढरे केलेले आम्ही ते वाक्य प्रशस्तिपत्रासारखे खिशात घालून घरी परतत असू.

गेल्या वर्षी या शेटजींच्या मानेवर मळ दिसू लागला. आमच्या सौभाग्यवतींनी तो डाळीच्या पिठाने घासला, लिंबाने घासला, अखेर वजरीने घासला. मुलगा रडला, मळ गेला नाही. स्नान नीट करीत नाही, हा ठपका मात्र आम्ही त्याच्यावर दोन महिने ठेवला. पुढे तापाच्या निमित्ताने अमरावतीस एका बालरोगतज्ज्ञाकडे गेलो, तेव्हा त्यांनी ताप बाजूस सारून मानच निरखली. म्हणाले, "हा मळ नव्हे. इन्सुलीनला शरीर पुरेसे दाद देईनासे झाले, की ते अधिकाधिक स्रवते. अशा वेळी पुष्कळदा मानेच्या व काखेच्या घड्यांतील कातडी काळी, मखमलीसारखी जाडसर होते." रक्तातील साखर सुदैवाने अद्याप हद्दीत होती. पण परतीच्या वाटेवर त्या मानेकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

वाचनाची खोड असल्याने आम्ही मग पुस्तके चाळू लागलो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे 3.5 किलो. आमची बाळे स्नायूंनी पुष्कळच उणी, परंतु कातडीखालच्या चरबीत मात्र तितकी उणी नाहीत! पुढे 2004 साली याज्ञिकांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याशेजारी उभे राहून तोच हिशेब स्वतःच्या देहावर मांडला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. चरबी मात्र इंग्रजाच्या अंगी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगी 21.2 टक्के.

हे वाचले त्या सायंकाळी आम्ही गच्चीवर होतो. उत्तरेस सातपुड्याची रांग दिसते. तीत मेळघाट, जेथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी 1993 साली साऱ्या महाराष्ट्राला मान खाली घालावयास लावली. त्या डोंगरातील दुखणे वेगळे आणि आमच्या घरातील वेगळे, अशी आमची समजूत होती. पण आईच्या पोटी अर्धपोटी वाढलेल्या बाळाला पुढे भरमसाट खाऊ घातले, तर मधुमेहाचा धोका अधिकच वाढतो. आमचे शेटजीही जन्मतः सव्वादोन किलोंचे होते. 'हाडकुळे पोर' हा शब्द घरात इतका बोचला, की त्याचे उट्टे आम्ही दहा वर्षे साजूक तुपाने काढीत होतो.

मातुःश्रींना दोष कसा द्यावा? बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल ज्वारी खाऊन त्यांनी संसार ओढला. भरलेले पोर हेच त्यांच्या लेखी देवाचे देणे. आम्ही तिसऱ्या पोळीस हरकत घेताच त्या कडाडल्या, "काऊन रे, लेकराले घास मोजून देतं काय?"

खरे तर दोष पोळीचा थोडा आणि आमचाच फार. शाळा दहा मिनिटांच्या अंतरावर. पण पोहोचविण्यास आमची मोटारसायकल. सायंकाळी शिकवणी, कारण प्राध्यापकाचा मुलगा मागे पडता कामा नये. जेवताना हाती मोबाईल, म्हणजे ताट मुकाट्याने रिकामे होते. आणि अभ्यासाचे बक्षीस म्हणून तिखटमीठ लावलेल्या तळीव पुड्या व गोड पेयांच्या बाटल्या. असले पदार्थ शाळेच्या आवारात व त्याभोवती 50 मीटरांच्या आत विकू नयेत, असा नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2020 साली केला. आमच्या फडताळास तो कोठून लागू असणार!

डॉक्टरांनी उपास सांगितला नाही, उलट तो वर्ज्यच सांगितला. मूल उंच होत असते. वजन आहे तेथे थांबले तरी पुष्कळ साधले. मात्र त्याचे ताट निराळे मांडू नका, आणि त्याला हसू नका, हे त्यांनी दोनदा बजावले. यास्तव ज्वारीची भाकरी, वरण आणि हिरवी भाजी आता सर्वांच्याच पानात असते. पुड्या आम्हीही सोडल्या. (आम्हांस त्याहून जड गेले ते सायंकाळचे चहाबरोबरचे फरसाण, हे येथे कबूल केलेले बरे.) शिकवणी बंद केली, रात्री साडेनऊस दिवा मालवतो, आणि सायंकाळी आम्ही बापलेक पानपिंपरीच्या मळ्यांपर्यंत पायी जातो. प्रथम पंधरा दिवस धाप आम्हांलाच अधिक लागे. आता तो वाटेत भेटलेल्या पोरांत खेळावयास पळतो आणि आम्ही बांधावर बसून राहतो.

सात महिन्यांत त्याची उंची चार सेंटिमीटरांनी वाढली. वजन एका किलोच्या आतच वाढले. 'शेटजी' ही हाक आम्ही टाकली आहे, तरी सवयीने कधी ओठांवर येते आणि तो वळून पाहतो. मान पुष्कळशी काळीच आहे. सौभाग्यवती स्नानाच्या वेळी तिच्यावरून नुसते पाणी सोडतात.