घरात आलेलं लेथ

लेथ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतं ते बाजारपेठेतलं, लोखंड कातणारं. पंपाचा शाफ्ट, बुश, पुली घेऊन आपण तिथं जातो. लाकूड कातायचं लेथ त्याहून साधं आणि कितीतरी जुनं. आपल्या घरातलं लाटणं, पोरांचा भोवरा, पाळण्याच्या कातीव दांड्या ही सगळी त्याच कामाची लेकरं. पूर्वी एकजण दोरी पुढंमागं ओढायचा आणि कातारी पटाशी धरायचा. लाकूड एकदा इकडं फिरायचं, एकदा तिकडं, म्हणून पटाशी निम्म्याच वेळी कापायची. तरी त्या दोरीवर सुरेख कामं झाली.

असं एक लेथ आमच्या नेवाशाच्या घरात आलं, तेही मासे धरायच्या लाकडी मासोळ्या करण्यासाठी! आमचे मामंजी माळकरी. पैस खांबाला हात जोडल्याशिवाय त्यांची एकादशी पुरी होत नाही. तेव्हा घरात काय झालं असेल, हे माळकरी घरातल्या बायांना सांगायला नको.

थोरल्याचं सांगते. ट्रॉली उलटून त्याचा उजवा पाय गुडघ्यातून गेला. आता चालतो, पण गुडघा वाकत नाही. उसात पाणी धरणं, बैलामागं जाणं बंद झालं. चोवीस वर्षांचा पोरगा दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघतो, हे आईला कसं दिसतं, ते मी लिहीत नाही. मित्र त्याला मोटारसायकलवर बसवून प्रवरासंगमाकडं नेत. जायकवाडीचं धरण १९७६ साली झालं आणि भरल्या सालात नाथसागराचा फुगवटा तिथवर येतो. तिथं शहरातले काही हौशी लोक गांडूळ न लावता लाकडाच्या रंगीत मासोळीनं मासे धरताना त्यानं पाहिले. ते तिला लूर म्हणतात.

कटला, रोहू, मृगळ या मासोळीला फसत नाहीत, त्यांचं खाणं वेगळं. फसतात ते दुसरे मासे खाणारे. आपल्याकडं मुख्यतः मरळ. मरळ हवा घ्यायला पाण्यावर येते, वर बेडूक हलला तरी झडप घालते. म्हणून तिच्यासाठी तरंगणारी, तोंडाशी खोलगट मासोळी करतात. दोरीला हिसका दिला की ती डुबुक आवाज करते. एक गोष्ट मात्र मी थोरल्याकडून वदवून घेतली. पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला की खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथं गळ टाकायचा नाही. राखणदार गेले की पिलं दुसऱ्यांच्या तोंडी जातात. आणि नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, मासेमारीचे हक्कही ठरलेले असतात. विचारल्याशिवाय पाण्यात दोरी टाकायची नाही.

पहिली मासोळी त्यानं पांगाऱ्याच्या फांदीची, चाकूनं केली. पांगारा हलका, बुडत नाही. फिनलंड देशातल्या लौरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याची गोष्ट त्यानं कुठंतरी वाचली होती. त्या माणसानं १९३६ साली चांभाराच्या सुरीनं बुचाची मासोळी कोरली आणि वर चॉकलेटची चांदी गुंडाळली. पुढं त्याचा मोठा कारखाना झाला. मामंजी ऐकत होते. म्हणाले, "सुरीनं झालं म्हणतोस, मग तुला यंत्र कशाला रे लेका?"

प्रश्न रास्त होता. थोरल्यानं उत्तरही नीट दिलं. "आजोबा, एक करायला सुरी पुरते. दुकानदार बारा मागतो, त्याही एकसारख्या."

दुसरं कारण त्यानं मला दाखवलं. मासोळीच्या नाकापासून शेपटीपर्यंत आरपार तार लागते. माशाचा हिसका तारेवर बसला पाहिजे, लाकडावर बसला तर गळ उपटून येतो. हातातल्या गिरमिटानं चार इंच भोक पाडलं की ते वाकडं निघतं. लेथवर लाकूड फिरतं, गिरमिट स्थिर राहतं, आणि भोक मधोमध जातं. अर्थात लेथवर मासोळी गोलच निघते. चपटी हवी तर नंतर तासावी लागते, आणि गोल मासोळी पाण्यात लोळू नये म्हणून पोटात शिशाचा तुकडा बसवावा लागतो.

ठिबकासाठी साठवलेले पैसे माझ्याकडं होते. एका दुभत्या गायीइतके. हे म्हणाले, तू ठरव. मग मी आणि थोरला तीन ठिकाणी यंत्रं बघून आलो. जे कळलं ते सांगते, कुणाच्या तरी कामाला येईल.

पहिलं यंत्र पायानं चालवायचं होतं. वीज नको, स्वस्त. पण ते आमच्या पोराला चालणार नव्हतं, तिथंच विषय संपला. दुसरं अगदी छोटं, टेबलावर मावणारं, नवंकोरं, बटण फिरवून वेग बदलणारं. मासोळी चार-पाच इंचांची, तिला ते पुरलं असतं. थोरल्याचा जीव त्याच्यावरच बसला. मी विचारलं, यावर लाटणं होईल का? लाटण्याला चौदा-पंधरा इंच जागा लागते, यात बारासुद्धा नव्हती. मासोळ्यांचं गिऱ्हाईक चार महिने येईल, उरलेले आठ महिने यंत्रानं काय करायचं? शिवाय वेग बदलणारं त्याचं कार्ड जळलं तर शहर गाठावं लागणार. साधी मोटार जळली तर रिवाइंडिंगवाला इथंच आहे. आपल्याकडं शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा मिणमिणतो. कमी दाबावर मोटार तापते, हे विहिरीवर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून मोटार अशी हवी, की जी इथला माणूस उघडू शकेल.

तिसरं जुनं होतं, बिडाचं, जड. दोन टोकांत अठरा इंच जागा, अर्ध्या अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार, आणि पट्टा बदलून तीन वेग. मोटारीचे मिनिटाला १४४० फेरे. मोटारीवर दोन इंची आणि यंत्रावर चार इंची पुली असली की ७२० मिळतात, दोन्ही सारख्या असल्या की १४४०, उलट केलं की २८८०. मासोळीसारखं बोटभर जाड लाकूड मोठ्या वेगावर गुळगुळीत निघतं. पण जाड, ओबडधोबड लाकूड त्या वेगावर कधी लावू नये. ते सुटलं तर कपाळमोक्ष ठरलेला.

जुनं यंत्र तपासायची रीत गावातल्या एका जुन्या सुतारानं सांगितली. मागचा ठोकळा पुढं सरकवून दोन्ही टोकं एकमेकांना भिडवायची. टोकाला टोक लागलं तर यंत्र सरळ. जरा जरी बाजूला गेलं तर भोक वाकडं जाणार. मग पुढचा फिरता दांडा हातानं वर-खाली हलवायचा. खडखड वाजला तर बेअरिंग गेलेलं. मागच्या ठोकळ्यात गिरमिटाचा चक बसेल असं निमुळतं भोक आहे का, तेही बघायचं. आमचं सगळं ठीक निघालं. एक बेअरिंग तेवढं बदललं.

उंची मात्र आम्ही आमच्यापुरती केली. उभ्यानं काम करणाऱ्याच्या कोपराशी यंत्राचा मध्य यावा म्हणतात. थोरला उंच स्टुलावर, पाय लांब करून बसतो. त्याचं कोपर मोजून लोखंडी घोडा बुटका करून घेतला आणि हादरे बसू नयेत म्हणून खाली वाळूची दोन पोती ठेवली. यंत्राजवळ पदर, लांब बाही, हातमोजे नकोत, डोळ्याला चष्मा हवा. धाकटीची वेणीसुद्धा मी वर बांधायला लावते.

राहिले मामंजी. आठ दिवस त्यांनी त्या खोलीकडं पाहिलं नाही. नवव्या दिवशी आपणहून बोलले, "लाकूड कात, रंग दे, तार घाल. पण गळ या घरात लागायचा नाही." थोरल्यानं मान हलवली. तेव्हापासून आमच्या मासोळ्या बिनगळाच्या जातात. गिऱ्हाईक आपापले गळ लावून घेतं. त्यामुळं विक्री थोडी कमी होते, दुकानदार कुरकुरतो. मी त्यात पडत नाही.

पहिल्या वर्षी मासोळ्यांपेक्षा जास्त गेल्या त्या बाभळीच्या खुरप्याच्या मुठी आणि लाटणी. ठिबक एक साल पुढं गेलं. मामंजी आता दुपारी खोलीच्या उंबऱ्यात बसून मुठी मोजतात. मासोळ्यांच्या टोपलीला मात्र ते हात लावत नाहीत. पट्टे मी दोन आणून ठेवलेत, एक यंत्रावर, एक खुंटीला.