गल्लीच्या टोकाशी समुद्र

लालबागमधून समुद्र दिसत नाही. पूर्वेला शिवडीची खाडी, पश्चिमेला वरळीचा किनारा आणि मध्ये आमच्या चाळी, डंकाचा खकाणा उडवणारी मसाल्याची दुकानं, चिवडा गल्ली, आता टॉवरही. पण जुलैतला पाऊस कोसळायला लागला की समुद्र किती जवळ आहे ते कळतं. हिंदमाता, परळ, लालबागकडचं बरंचसं पाणी रस्त्याखालच्या वाहिन्यांतून रे रोडकडे धावतं आणि बंदराच्या पाण्यात मिसळतं. त्याच्याबरोबर वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं निघतात. गटाराच्या जाळीतून जे निसटलं ते दर्याचं झालं. उधाणाच्या भरतीला असलाच कचरा मरीन ड्राइव्हवर आणि दादर चौपाटीच्या वाळूत परत येऊन पडतं. उरलेलं आत राहतं.

आत काय होतं ते कोळ्यांना विचारावं. डोल हे त्यांचं जुनं जाळं. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात रोवलेलं. भरती-ओहोटी जे आणील ते त्यात शिरतं. कधीकाळी बोंबील, करंदी, जवळा यायचा. आज त्याच डोलीत पिशव्यांचे लगदे येतात आणि मासळी त्यांतून निवडून काढावी लागते. डोळ्यांना दिसतं तेवढं निवडता येतं. उन्हाने आणि लाटांनी प्लॅस्टिकचे तुकडे होत जातात, तुकड्यांचा भुगा होतो, पण ते कुजून मातीला मिळत नाही. तो भुगा मासे गिळतात आणि तीच मासळी आपल्या बाजारात येते.

या बाजाराशी लालबागच्या राजाची गोष्ट बांधलेली आहे. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला. कोळणी आणि छोटे विक्रेते उन्हापावसात उघड्यावर बसू लागले. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. गिरगाव चौपाटीवर राजाला खोल पाण्यात नेण्याचं काम वर्षानुवर्षं कोळी बांधवच करत आले. दर्यावर जगणाऱ्यांनी आणलेला हा देव आहे.

त्याच सुमारास, मार्च १९३३ मध्ये, इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत योगायोगाने पॉलिथीन तयार झालं. १९६५ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीने त्याच्या पिशवीचं पेटंट घेतलं. राजाच्या वयाचं हे प्लॅस्टिक आज पृथ्वीवरच्या प्रत्येक समुद्रात आहे. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आणि आपण कोण? आपण गिरणगाव. या वस्तीने देशाला कापड पुरवलं. माझी आजी गिरणीतल्या तुकडा कापडाच्या पिशव्या शिवायची. दाराच्या खुंटीला दोन-तीन कायम लटकलेल्या. मिरची कुटायला पत्र्याचा डबा, तेलाला किटली, दुधाला कडीचं भांडं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, भोंगे थांबले, आणि पुढच्या वर्षांत खुंटीवरच्या पिशव्याही गेल्या. सुताच्या गावात फुकटची पातळ पिशवी घरोघर शिरली, याची मला फार खंत वाटते.

कायदे झाले. २६ जुलै २००५च्या प्रलयात तुंबलेल्या गटारांनी शहराला धडा शिकवला होता. २३ मार्च २०१८ला राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी पिशवी बाजारात हातोहात फिरतेच. वकील अफरोज शाह यांनी २०१५ साली वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उपसायला घेतला. २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. किनारा सावरतो, हे त्यांनी दाखवलं. पण वरून धार चालू असेपर्यंत खालचे हात किती पुरणार? प्लॅस्टिक अडवायचं तर ते गटारात पडण्याआधी, आणि त्याहून आधी, ते बनण्यापूर्वी. कारखान्यांनी ते कमी काढावं, आपलं वेष्टन परत घ्यावं, यासाठी २०२२पासून देशोदेशीचे प्रतिनिधी करारासाठी बसताहेत. ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हातल्या बैठकीतही एकमत झालं नाही.

मला आशा वाटते ती निर्माल्य कलशाकडे पाहून. हार-फुलं पाण्यात सोडणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. तरीही लोकांनी ती कलशात टाकायला सुरुवात केली आणि त्यांचं खत होऊ लागलं. श्रद्धा जिथे वाट बदलू शकते, तिथे सवयीचं काय अडणार?

म्हणून आमच्या मंडळांनी यंदा ठरवावं: मंडपात पाण्याच्या टाक्या आणि स्टीलचे पेले, प्रसाद कागदात किंवा पानात, निर्माल्य पिशवीविना. मसाला गल्लीने घरून आणलेल्या डब्यात मसाला द्यावा आणि डबा आणणाऱ्याला चार पैसे कमी लावावेत. नवसाचं दुसरं अंग फेडण्याचं असतं. बाजार मिळून नव्वद वर्षं झाली. त्या कोळणींच्या दर्याचं देणं लालबागवर आहे, आणि ते फेडायला आपल्याला जिनिव्हाच्या परवानगीची गरज नाही.