कावाझूचा फेब्रुवारीतला बहर

पहिला दिवस : टोकियो ते कावाझू

इझू द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, शिझुओका प्रांतात, कावाझू हे छोटे गाव आहे. टोकियोतली चेरी मार्चअखेरीस फुलते, इथली फेब्रुवारीतच. टोकियोहून ओदोरिको ही गाडी साधारण अडीच तासांत थेट इथे आणून सोडते. आतामी मागे पडले की रूळ समुद्राची सोबत धरतात. जाताना डावीकडची जागा घ्यावी. हवा स्वच्छ असेल तर ओशिमा बेट दिसते. त्याच बेटाचे नाव लाभलेली, पांढऱ्या टपोऱ्या फुलांची ओशिमा चेरी आणि दक्षिणेकडची गडद गुलाबी कानही चेरी यांच्या नैसर्गिक संकरातून कावाझू-झाकुरा ही जात झाली, असे मानले जाते. लवकर फुलणे आणि रंग कानहीचा, फुलाचा आकार ओशिमाचा.

दुसरा दिवस : नदीकाठ

स्थानकाबाहेर पडले की काही मिनिटांतच कावाझू नदीचा बांध लागतो. नदीच्या मुखापासून वरच्या अंगाला सुमारे 4 किलोमीटरपर्यंत साडेआठशेच्या आसपास झाडे आहेत. गावभरची धरली तर आठ हजार. खाली मोहरीच्या कुळातली पिवळी नानोहाना फुललेली असते, त्यामुळे गुलाबी रंग आणखी उठून दिसतो.

फूल जवळून पाहावे. पाकळ्या कडेला गडद, देठाकडे फिक्या. आणि फूल जुने होते तसा रंग उतरत नाही, उलट चढत जातो. मेजिरो हा हिरवा पक्षी, आपल्याकडच्या चष्मेवाल्याचा भाऊबंद, फांदीला उलटा लटकून मध पितो. एकाच फांदीवर कळ्या आणि उमललेली फुले एकत्र असतात. सगळी फुले एकदम उमलत नाहीत, म्हणूनच बहर महिनाभर टिकतो. सोमेई-योशिनो या प्रसिद्ध जातीचा बहर आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. कावाझूचा उत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो, तो या गुणाच्या बळावर. काठाने सुकी मासळी, साकुरामोची ही मिठाई आणि चेरीची रोपे विकणारी दुकाने लागतात. साकुरामोचीभोवती गुंडाळलेले खारवलेले पान ओशिमा चेरीचे असते आणि ते पिकवण्यासाठी द्वीपकल्पाच्या पश्चिमेचे मात्सुझाकी गाव नावाजलेले आहे.

तिसरा दिवस : मूळ झाड

या गावातली सर्वांत मोलाची गोष्ट नदीकाठी नाही, तानाका भागातल्या एका घराच्या अंगणात आहे. 1955 साली कात्सुमी ईदा यांना नदीकाठच्या वाळल्या गवतात चेरीचे एक रोपटे आढळले. त्यांनी ते आणून दारात लावले. 1966 साली ते फुलले आणि महिनाभर फुलत राहिले. 1974 साली या जातीला कावाझू-झाकुरा हे नाव मिळाले. पुढच्या वर्षी ही जात गावाचे अधिकृत झाड ठरली.

बी पेरून हे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून हापूसप्रमाणे याचीही कलमेच करावी लागतात. म्हणजे नदीकाठची सारी शोभा एकाच झाडाचा विस्तार आहे. एवढे कळले की कुंपणाआडच्या त्या झाडासमोर पाऊल आपोआप थांबते. घर खासगी असल्याने ते रस्त्यावरूनच पाहावे.

चौथा दिवस : मिने आणि आमागी

नदीच्या वरच्या अंगाला मिने येथे 1926 साली खोदलेला गरम पाण्याचा फवारा ठरावीक वेळी सुमारे 30 मीटर उंच उडतो. शेजारच्या कढत पाण्यात अंडी उकडता येतात. बस पुढे दोन वेढ्यांच्या गोल पुलावरून आमागीच्या डोंगरात चढते. 1978 च्या भूकंपात इथला रस्ता खचला, त्यानंतर 1981 साली हा पूल झाला. जवळच कावाझूचे सात धबधबे आहेत. त्यांच्या वाटेवर यासुनारी कावाबाता यांच्या ‘इझूची नर्तकी’ या कथेतल्या विद्यार्थ्याचा आणि नर्तकीचा पुतळा आहे. ओदोरिको गाडीचे नावही त्याच कथेवरून आले.

पाचवा दिवस : मिनामी-इझू

आणखी दक्षिणेला, मिनामी-इझूतल्या आओनो नदीच्या काठीही हीच जात लावलेली असून तिथला उत्सव याच दिवसांत भरतो. कावाझूपेक्षा तिथे गर्दी कमी असते. ज्यांना फुलांखाली निवांत बसायचे आहे त्यांनी शिमोदापर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने तिकडे जावे.