सेंट किल्डाचा अर्ज

ओसाड गाव दिसले की प्रवासवर्णनाचा सूर आपोआप खाली उतरतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे असलेल्या सेंट किल्डाविषयी इंग्रजीत जे अमाप लिहिले गेले, ते बहुतांशी विलापिकेच्या सुरातले आहे. ओबानहून बारा प्रवाशांच्या एका लहानशा जहाजाने मी तिथे गेलो, तेव्हा जहाजावरच्या कपाटातली पुस्तकेही याच जातीची निघाली.

हिर्टा या मुख्य बेटावर आम्ही रबरी होडीतून उतरलो. समोर अर्धचंद्राकार एकुलता रस्ता, त्याच्या कडेने बहुतेक बिनछपरांची घरे, आणि डोंगरभर 'क्लेट' नावाच्या दगडी कोठ्या. हजाराहून अधिक! आतले पक्ष्यांचे मांस वाऱ्याने सुकावे म्हणून त्यांच्या भिंतींत फटी ठेवलेल्या. इथली माणसे दोराने कड्यावर उतरून समुद्रपक्षी आणि अंडी गोळा करीत. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे बेट सोडून गेली. जाताना प्रत्येक घरात उघडे बायबल आणि थोडे ओट ठेवले, असे सांगतात. वाटाड्याने हे सांगितले तेव्हा सगळे गप्प झाले. कुत्री बुडवून मारली, हेही त्याने सांगितले. ते मात्र कुणी वहीत टिपून घेतले नाही.

माझ्या मते या बेटाचा सर्वांत मोलाचा मजकूर म्हणजे एक सरकारी अर्ज. १० मे १९३० रोजी बेटवासीयांनी तो स्कॉटलंडच्या मंत्र्यांना लिहिला. काही पुरुष बेट सोडणार आहेत, मागे राहणाऱ्यांना मेंढ्या, विणकाम आणि विधवांची देखभाल झेपणार नाही, तेव्हा याच वर्षी आम्हाला हलवावे आणि मुख्य भूमीवर घर व काम द्यावे, एवढेच त्यात आहे. मातृभाषा गेलिक असलेल्या माणसांचा हा अर्ज इंग्रजीत आहे. त्यातच एक विलक्षण वाक्य येते: आम्हाला वेगळा समाज म्हणून एकत्रच वसवा, असा आमचा आग्रह नाही. विलापिकेला हे वाक्य पचणारे नाही. तिला हवा असतो शेवटपर्यंत एकसंध राहिलेला, काळाने हिरावून नेलेला समाज. अर्ज लिहिणाऱ्यांना हवी होती उपजीविका.

शिवाय प्रेक्षक इथे कधीच निर्दोष नव्हता. १८७७ पासून उन्हाळी आगबोटी प्रवासी आणू लागल्या. बेटकरी त्यांना मोजे, कापड, अंडी विकू लागले. जुन्या छायाचित्रांतून ते आपल्याकडे पाहतात ते मला तरी गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे वाटते. आमचे जहाज त्याच मालिकेतले.

परतीच्या वाटेवर मलच्या सामुद्रधुनीत डाव्या हाताला लॉकअलाइन लागते. बहुतेक बेटकऱ्यांना इथेच उतरवले गेले. झाडे नसलेल्या बेटावरून आलेल्या या पुरुषांपैकी अनेकांना सरकारने वनखात्यात नोकरी दिली. आमचे जहाज तिथे थांबले नाही. चहाची वेळ झाली होती, आणि किनाऱ्यावर झाडी दाट होती.