आमचा आकडा

घरात आम्ही स्वतःला 'हम' म्हणतो. पैठणच्या आमच्या मोहल्ल्यात सगळेच म्हणतात. म्हणून मराठीत लिहितानाही 'आम्ही'च येते; त्यात मोठेपणाचा आव नाही. खरे सांगायचे तर 2022 पर्यंत 'मी' हा शब्द आम्हाला पुरलाही नसता. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 118 किलो.

उर्दू शाळेत आम्ही गणित शिकवतो. वर्ग माडीवर. अर्ध्या जिन्यात थांबून पर्समध्ये काहीतरी शोधण्याचे नाटक रोजचेच. नमाज खुर्चीवर बसून. तिशीतच शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. अम्मी याच शुगरने गेल्या. आधी अंगठा कापला, मग पाय, मग सहा महिन्यांत अम्मीच राहिल्या नाहीत. त्यांचा रिकामा राहिलेला डावा जोडा आम्ही कितीतरी दिवस फेकला नाही.

शेवटी पतसंस्थेचे कर्ज काढले, दोन बांगड्या मोडल्या आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑपरेशन करून घेतले. दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. कोणी विचारले तर घरचे 'पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन' असे सांगत.

वजन कमी कसे होते हे सगळे सांगतात. थांबायचे कुठे, हे मात्र आम्ही कोणाला विचारले नाही. गणिताच्या बाईंनी विचारायचे कशाला? भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या आत असावा, असे 2009 साली आपल्याकडच्या तज्ज्ञांनी ठरवले. मीटरमधल्या उंचीचा वर्ग केला, 23 ने गुणले. उत्तर 57. कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहून टाकले.

डॉक्टरांचा हिशेब वेगळा होता. जादा वजनापैकी साधारण साठ-सत्तर टक्के उतरते. आमचे जादा 61 किलो. म्हणजे 75 ते 81 च्या दरम्यान गाडी थांबणार. आम्हाला वाटले, हे तर नुसते पास होण्याचे गुण झाले. आम्हाला डिस्टिंक्शन हवे होते.

चौदा महिन्यांत 76 वर आलो. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. सजदा जमिनीवर होऊ लागला. पहिल्या दिवशी कपाळ जानमाजला टेकले तेव्हा डोळे भरून आले. तिथेच शुक्र मानून थांबायला हवे होते. पण काटा अडला आणि आम्ही इरेला पेटलो. 2024 चा रमजान आला. डॉक्टरांनी अटींवर परवानगी दिली होती: इफ्तार ते सहरी थोडे थोडे खायचे, अंडी-बोटी चुकवायची नाही. आम्ही नेमके तेच चुकवले. रोजा अल्लाहसाठी असतो. आमचा काट्यासाठी होता. हे लिहितानाही शरम वाटते.

केस मुठीने गळू लागले. ईदनंतर एके दिवशी फळ्यावर अपूर्णांकाचे वर्तुळ काढता काढता आम्ही खाली कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा मुली वह्यांनी वारा घालत होत्या. वजन 72, हिमोग्लोबिन आठ. डॉक्टर म्हणाले, "रोज साठ ग्रॅम प्रोटीन, आणि लोह, बी-बारा, कॅल्शियम जन्मभर. हे 57 तुम्हाला कोणी सांगितले?" आम्ही म्हटले, "तक्त्याने." ते म्हणाले, "तक्त्याला तुमचे 118 माहीत नाहीत."

तेव्हा इमान अहमद आठवली. 2017 साली इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून तिला मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणले होते. वजन सुमारे पाचशे किलो सांगत. रोज बातमीत आकडा असे. किती उतरले यावरून जाहीर वादही झाले. मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले, सप्टेंबरात ती गेली. तिचे किलो सगळ्यांनी मोजले. आम्हीही मोजले होते.

मग उलटेच झाले. खाला म्हणाल्या, "अल्ला, क्या हाल कर ली तू अपना!" आणि आमचे खाणे सुटले. चहा-खारी, शरबत, आइस्क्रीम. मऊ-पातळ जिन्नस त्या नळीतून सरळ उतरतात, पोट अडवत नाही. हिवाळ्यात काटा 83 वर आणि शुगर पुन्हा रेषेवर. त्या रात्री अम्मींचा जोडा आठवला.

पैठणकरांना आकड्याबरोबर जगणे नवीन नाही. पावसाळ्यात सकाळचा पहिला प्रश्न, नाथसागर किती टक्के? धरण आटले तरी हाल, काठोकाठ भरले तरी घोर. 2006 च्या पुरात गोदावरी गावात शिरली ती आमच्या डोळ्यांपुढे आहे. म्हणून काठोकाठ भरायची वाट न पाहता सत्तावीसपैकी काही दरवाजे थोडे थोडे आधीच उचलतात. आम्हीही तसेच ठरवायचे म्हटले. कोणत्या वजनाला सजदा जमिनीवर होतो? जिना एका दमात चढतो? शुगर गोळीविना ताब्यात राहते? आणि जे खाऊन हे वजन टिकते, ते आणखी चाळीस वर्षे आनंदाने खाता येईल का? डॉक्टरांसमोर बसून उत्तर काढले: 78. धोक्याची रेषा 80.

आता दर जुम्म्याला फजरनंतर एकदाच काट्यावर उभे राहतो. ताटात आधी बोटी किंवा अंडे, मग भाजी, शेवटी चतकोर भाकरी. पाणी अर्ध्या तासाने. 80 दिसले की दोन आठवडे खारी आणि शरबत बंद, धरणाच्या रस्त्यावर फेरी वाढवायची. दावतीत अन्न टाकवत नाही, म्हणून भाचीच्या ताटात बसतो. कोणी त्याला नखरे म्हणतात. म्हणोत.

परवा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाजी, अब और कित्ता कम करना है?" आम्ही म्हटले, "बस. अब संभालना है." ती हिरमुसली. तिला मोठा आकडा ऐकायचा असावा.

कपाटावरचे 57 पुसले. 78 मात्र पेन्सिलने लिहिले आहे. वय वाढेल तसे डॉक्टर तेही बदलतील. गेल्या जुम्म्याला काटा 79.4 दाखवत होता. पुढच्या आठवड्यात भाचीचे लग्न आहे. खारी आजपासूनच बंद.